रोजचे चार दोरे, आणि ते ‘छान’ दिसायला लागल्यावर

हातभर_दोरा

चौदा महिने झाले, रोज पहाटे मी अर्धा तास शिवते. पांढरं सुती कापड, निळा दोरा आणि फक्त धावदोरा. नक्षी नाही, ट्रेसिंग नाही. काल जिथे थांबले तिथून आज पुढे.

डोळे मिटून बसणं मला कधी जमलंच नाही. दोन मिनिटांत कामांची यादी सुरू व्हायची आणि पाचव्या मिनिटाला मी उठलेली असायचे. हातात सुई असली की मन फार लांब जात नाही; गेलंच तर बोटाला टोचतं आणि परत येतं. नियम तीनच ठेवले. बोलायचं नाही. फोन दुसऱ्या खोलीत. आणि चार दोरे संपले की उठायचं, मन लागलेलं असो वा नसो. दोरा बरोबर हातभर, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सें.मी. त्याहून लांब घेतला की दर टाक्याला कापडातून घासून झिजतो, पीळ चढतो, आणि सगळी पहाट गुंता सोडवण्यात जाते.

आता अडचण. ते छान दिसायला लागलंय. टाके एकसारखे येतात, ओळी पाण्यावरच्या लहरींसारख्या दिसतात. महिन्यापूर्वी एका मैत्रिणीने पाहिलं आणि म्हणाली, फ्रेम कर. त्या दिवसापासून मी टाका घालत नाही, टाका बघते. पूर्वी वाकडा आला तर वाकडा राहायचा, आता उसवते. गेल्या आठवड्यात चाराऐवजी सात दोरे झाले, का, तर एक कोपरा भरलेला दिसायला हवा होता.

बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदललेलं दिसणार नाही. मला मात्र आतून कळतंय की पहाटे आता कुणीतरी वेगळीच बाई शिवायला बसते. सुईकाम, विणकाम, क्रोशे, कताई, काहीही रोज नेमाने आणि साधना म्हणून करणारं इथे कुणी असेल तर सांगा, तुमचं असं झालं का? छंदाने मन शांत होतं वगैरे मला ठाऊक आहे, ते नको.

(धाग्यावरच धागा काढलाय याची जाणीव आहे. विनोद करून घ्या.)

टकळी

विनोद मनातल्या मनात केला. :)

मी कातते. पेटीचरखा आहे, पण मन टकळीवरच जास्त रमतं. कताईची एक गंमत सांगते. ध्यानाला बसल्यावर मन भटकलं तर ते सांगायला कुणी नसतं, आपल्यालाच उशिरा कळतं. इथे लक्ष गेलं की पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळकटीतून, सूत जाड-बारीक येतं किंवा सरळ तुटतं. लपवाछपवी नाही.

तुमच्या प्रश्नाबद्दल. गांधीजी कताईला यज्ञ म्हणत, सूतयज्ञ हा शब्द तेव्हाचाच. पण त्या यज्ञात मोजमाप भरपूर होतं. १९२४ मध्ये बेळगावला ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले तेव्हा सभासदत्वाची वर्गणी सुताच्या रूपात ठरली, दरमहा २,००० वार सूत, स्वतः कातलेलं किंवा, ते जमत नसेल तर, दुसऱ्याने कातलेलं. (ही अट फार टिकली नाही, पुढच्याच वर्षी सैल झाली, आणि त्याच वर्षी अखिल भारतीय चरखा संघ निघाला.) सूतही कसंबसं चालणारं नव्हतं, सारखं आणि मजबूत हवं. कारण ते पुढे कुणीतरी मागावर लावणार होतं. तुटकं सूत दिलं की त्रास विणणाऱ्याला.

म्हणून टाका चांगला येतोय याने साधना बिघडत नाही असं मला वाटतं. तो चांगला टाका कोणासाठी घालताय, एवढंच स्वतःला विचारा.

शंकेखोर

ताई, राग मानू नका. एकाच लयीत हात हलत राहिले की माणूस शांत होतो. भांडी घासताना होतो, पोहतानाही होतो. त्यावर अध्यात्माचं अस्तर लावायची गरज काय?

आणि भावनेने घातलेला टाका पवित्र असतो असं मानायचं असेल तर जपानमधले युद्धकाळातले सेननिनबारी आठवा. सैनिकाने पोटाला बांधायचा कापडी पट्टा, त्यावर १,००० टाके, प्रत्येक टाका वेगळ्या बाईने घातलेला. बायका रस्त्यावर उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांकडे एकेक टाका मागायच्या. शिवणारीच्या मनात खोट नव्हती. पट्टा बांधून तो माणूस कुठे आणि कशासाठी निघाला होता, ते टाक्याला कुठे माहीत होतं?

हातभर_दोरा

@शंकेखोर, राग कसला. पवित्र वगैरे मी म्हटलेलं नाही, पण पट्ट्याचं उदाहरण लागलं. भांडी घासण्याबद्दल एवढंच, की भांडी मी लवकर संपावीत म्हणून घासते.

@टकळी, ‘कोणासाठी’ यावर आज चारही दोरे संपले. उत्तर आलं नाही.

आडवा_बाणा

मी हातमागावर विणते आणि त्यावरच घर चालतं, त्यामुळे हा धागा वाचताना जरा हसू आलं, जरा चिडचिडही झाली.

कबीर विणकर, नामदेव शिंपी, सगळेजण ही नावं घेतात. पण ते त्यांचे धंदे होते हो. पहाटेचा राखून ठेवलेला अर्धा तास नव्हता तो. कापड वेळेवर द्यायचं असणार, गिऱ्हाईक कटकट करत असणार. माझ्याकडे शांतताही नसते, माग खटखट वाजतो. शेकडो उभे धागे एकेक करून मागाच्या वहीतून (उभे धागे वर-खाली करणाऱ्या फासांतून) आणि फणीतून ओवताना एक जरी चुकला तरी तो चुकलेला धागा शेवटच्या वारापर्यंत दिसत राहतो. मग छान दिसण्याची लाज कशाला? माझं कापड छान दिसलं नाही तर परत येतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर आडवा धागा नेणारा धोटा डावीकडून उजवीकडे गेला की श्वास आत, परत आला की बाहेर. कुणी शिकवलं नाही, वीस वर्षांत आपोआप जुळलं. त्याला साधना म्हणावं का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. कदाचित पडला नाही म्हणूनच टिकलं असेल.

काषाय

आडवा_बाणा यांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन, पण दुसऱ्या टोकाचंही एक सांगते.

सोतो झेन या जपानी बौद्ध पंथात दीक्षा घेणाऱ्याने आपलं वस्त्र स्वतः शिवायची रीत आहे. गृहस्थ असेल तर गळ्यात घालायचा लहान रकुसू, भिक्षू होणार असेल तर पूर्ण केसा, म्हणजे अंगावर पांघरायचं वस्त्र. सगळं हाताने. टाका उलटा फिरवून घालायचा, आपल्या हातटीपेसारखा, आणि इतका बारीक की वर नुसता ठिपका दिसावा. प्रत्येक टाक्याला मनात ‘नमु किए बुत्सु’, म्हणजे बुद्धाला शरण. एका वस्त्रात हजारो टाके असतात, हिशेब तुम्हीच करा. विसाव्या शतकात ही शिवण पुन्हा रुजवण्यात झेन गुरू कोदो सावाकी (१८८० ते १९६५) यांचा मोठा वाटा होता.

तुमच्या अडचणीशी याचा संबंध शिवायच्या आधीच्या पायरीत आहे. हे वस्त्र अखंड कापडाचं नसतं. आधी कापड कापून तुकडे करायचे आणि मग ते पट्ट्या-पट्ट्यांनी जोडायचे. विनयातली (भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथातली) कथा अशी की मगधातल्या भातखाचरांचे बांध पाहून बुद्धांनी आपल्या आनंद या शिष्याला तशी रचना करायला सांगितली. कापण्यामागचं एक कारण अगदी व्यवहारी आहे: तुकडे केलेल्या कापडाला बाजारात किंमत उरत नाही, कुणाला त्याचा लोभ सुटत नाही. लोभ धरणाऱ्यांत शिवणाराही आलाच. म्हणजे सुई हातात घेण्याआधीच छान वस्तूची हाव कात्रीने मोडून काढलेली.

मी त्या परंपरेतली नाही. एका टाक्याला एक नाम एवढंच त्यांच्याकडून उचललं. पहिले तीन महिने नाम राहायचं आणि टाका चुकायचा, नाहीतर टाका जमायचा आणि नाम सुटायचं. आता कधीकधी दोन्ही होतं. ‘कधीकधी’वर जोर आहे.

सुटलेला_टाका

वाचतेय. फार वरचं चाललंय म्हणून गप्प होते, पण एक जमिनीवरचा अनुभव.

मी रोज दोन सुयांवर एक ओळ विणते. दिवसाला एक ओळ, रंग त्या दिवसाच्या तापमानावरून. अशा पांघरुणांची टूम आहे, बऱ्याच जणांना माहीत असेल. पहिल्या वर्षी दिवस मोजायचा इतका चस्का लागला की तापात पडून विणलं. साखळी तुटू नये म्हणून! तेव्हा मी हवामानाची कारकून झाले होते, बाकी काही नाही.

दुसऱ्या वर्षी ठरवलं की चुकलेला दिवस भरून काढायचा नाही. त्या दिवसाच्या नावाने दुसऱ्या दिवशी एक जाळीची ओळ, म्हणजे दोरा पुढे घेऊन दोन टाके एकत्र, की भोकं पडतात. पांघरुणात अशा एकोणीस ओळी आहेत. एक सलग सहा दिवसांची आहे, ती हॉस्पिटलातली. बघणाऱ्यांना नेमकी तीच जागा सगळ्यात सुंदर वाटते. मी काही बोलत नाही.

उलटी_सुलटी

सोपा उपाय सांगू? रोज मुद्दाम एक टाका चुकीचा घाला. अमेरिकेतल्या आमिश या ख्रिस्ती पंथातल्या बायका रजईत एक ठिगळ जाणूनबुजून उलटं लावतात, इराणी गालिच्यात एक गाठ चुकवतात असं म्हणतात, अमेरिकेतल्याच नवाहो या मूळनिवासी जमातीचे विणकरही तसंच करतात. परिपूर्णता फक्त देवाची, म्हणून. गर्व आपोआप गळतो.

नेढे

@उलटी_सुलटी, ही गोष्ट सगळीकडे फिरते आणि ऐकायला गोड आहे, पण आमिश रजयांबद्दल इतिहासाच्या अभ्यासकांना तिचा पुरावा सापडलेला नाही. जुन्या रजयांमध्ये चुका आहेत, त्या चुकाच आहेत. आणि जरा विचार करा: मी मुद्दाम चुकवलं नाही तर माझं काम देवाच्या बरोबरीचं होईल, असं वाटणं यात नम्रता कुठे आली? एवढा गर्व तर मूळ धागाकर्तीलाही नाही.

नवाहोंचं मात्र वेगळं आहे, आणि ते इथे जास्त कामाचं आहे. चारी बाजूंनी काठ असलेल्या काही विणींमध्ये आतल्या भागातून काठ ओलांडून थेट कडेपर्यंत जाणारी एक बारीक रेघ असते. इंग्रजीत तिला ‘स्पिरिट लाइन’ म्हणतात. ती चूक नव्हे, ती वाट आहे. विणताना विणणारीने आपलं मन त्या कापडात घातलेलं असतं. काठ पूर्ण बंद झाला तर ते तिथेच अडकेल आणि पुढचं काम सुचणार नाही, म्हणून बाहेर पडायला जागा ठेवायची.

हातभर_दोरा, तुमचा कोपरा ‘भरलेला’ हवा होता ना?

अजून एक. ज्यू परंपरेत प्रार्थनेच्या वस्त्राच्या चार कोपऱ्यांना त्झित्झित नावाचे गोंडे असतात. प्रचलित पद्धतीत दर कोपऱ्याला पाच दुहेरी गाठी आणि त्यांच्यामध्ये ७, ८, ११ आणि १३ असे एकूण ३९ वेढे. पण तो दोर कातायला घेतानाच, हे त्या आज्ञेसाठी करतोय, असा हेतू धरावा आणि तोंडाने म्हणावा लागतो. हेतू न धरता कातलेला दोर कितीही सुबक असला तरी चालत नाही. मला हे फार आवडतं. प्रत्येक टाक्याला मन जागेवर ठेवणं तुम्हा-आम्हाला झेपणार नाही, पण पहिल्या टाक्याआधी एक वाक्य मोठ्याने म्हणणं झेपेल.

शंकेखोर

नेढे, पहिल्या परिच्छेदाला टाळ्या. दुसऱ्यालाही, नाइलाजाने.

कातर

मी शिवत नाही. मी उसवते. हे इथे बसतं का माहीत नाही.

बाबा गेल्यावर त्यांचे शर्ट कपाटात तसेच होते. कुणी म्हणालं त्यांची उशी कर, कुणी म्हणालं पांघरूण कर. कापायला हात धजेना. मग रोज रात्री एक शिवण उसवायला घेतली. एका शर्टाला खूप शिवणी असतात हो. खांदे, बाह्या, कफ, पट्टी, खिसा. मशीनची टीप बारीक असते, घाई केली की कापड फाटतं. एक टाका उचलायचा, कापायचा, दोन टाके सोडून पुढचा. नाम नाही, मंत्र नाही, श्वासाचंही भान नाही. कधी रडले, बहुतेक वेळा नाही.

चौथ्या शर्टाची कॉलर उघडली तर आतून ती आधी एकदा उलटवून शिवलेली निघाली. घासलेली बाजू खाली, चांगली बाजू वर. हाताने, मोठ्या-मोठ्या टाक्यांनी. आईला विचारलं तर म्हणाली मी नाही केलं. म्हणजे त्यांनीच. बाबांना सुई धरता येत होती हे मला त्यांच्या जाण्यानंतर सात महिन्यांनी कळलं.

ती कॉलर उसवली नाही. बाकी सगळ्या शर्टांचे भाग इस्त्री करून ठेवलेत. पुढे काय ते माहीत नाही.

टकळी

कातर ताई, इथेच बसतं.

काषाय

🙏

सांधे_सांभाळा

विषय बदलल्याबद्दल क्षमस्व, पण मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. साधनेच्या नावाखाली दुखणं अंगावर काढू नका. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला दुखू लागलं किंवा रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग आली तर काही दिवस थांबा आणि दाखवून घ्या. बहुतेक जण सुई गरजेपेक्षा फार घट्ट चिमटतात. सुई ढकलायला अंगुस्तान (बोटावर घालायची टोपी) वापरा, म्हणजे चिमटीवरचा भार कमी होतो. काम मांडीवर घेऊन मान खाली घालण्यापेक्षा उशीवर ठेवून वर आणा. आणि दर दोऱ्याला, ओवायच्या आधी, नजर दूर कुठेतरी टाका. चार दोरे म्हणजे चार विश्रांत्या, तुमचा नियम नकळत चांगला आहे. सात करू नका.

नवशिकी

मला गाठ सोडून काही येत नाही. अशाने सुरुवात केली तर चालेल? आणि कापड कोणतं?

हातभर_दोरा

@नवशिकी, गाठ येते म्हणजे निम्मं आलं. सैल विणीचं जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती कापड घ्या, सुई विनासायास जाते. बेडशीटचं कापड घट्ट विणीचं असतं, बोटं दुखतात. सरळ रेघ मारायची असेल तर पेन्सिल नको, नखाने कापडावर वळ पाडा.

आता तीन आठवड्यांचा हिशेब. तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, तर सांगायला हवं.

पहिली शक्कल माझीच. ठरवलं की कापड उलटं धरून मागच्या बाजूने शिवायचं, म्हणजे सुलट बाजू दिसणार नाही. तीन दिवस मोठ्या निष्ठेने केलं. चौथ्या दिवशी लक्षात आलं की धावदोऱ्याला उलट-सुलट नसतंच, दोन्हीकडून तो तेवढाच छान दिसतो. चौदा महिने शिवणाऱ्या बाईला हे तीन दिवस कळलं नाही, यावरून माझं ‘अवधान’ काय लायकीचं आहे ते बघा.

मग पांढऱ्यावर पांढरा दोरा. दिसत नाही खरा, पण बोट फिरवलं की टाके सारखे आलेत ते कळतं. बोटालाही गर्व असतो.

नेढेंचं पहिल्या टाक्याआधीचं वाक्य म्हणायला बसले तर वाक्यच सुचेना, कारण टकळी ताईंचा प्रश्न तसाच उभा. कोणासाठी? अकरा-बारा दिवस मी नुसतं ‘कोणासाठी?’ एवढंच मोठ्याने म्हणून सुरुवात केली. घरात कुणी ऐकलं असेल तर त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

पुढचं ठरवून झालं नाही. मुलाच्या स्वेटरचं कोपर विरलं होतं. पहाटे तो समोर खुर्चीवर पडला होता, तोच घेतला. तेव्हापासून पहिला दोरा माझ्या पांढऱ्या कापडावर आणि उरलेले तीन कुणाच्या तरी फाटक्या-विरलेल्यावर. बहिणीची पिशवी झाली, शेजाऱ्यांच्या छत्रीच्या दोन काड्या पुन्हा टाचल्या. कोपऱ्यात एक ओळ कडेपर्यंत नेऊन सोडली आहे, नवाहोंच्या रेघेइतकी ती खरी नाही, पण त्या कोपऱ्याकडे आता डोळा जात नाही.

गर्व गेला का? परवा रफू इतका बेमालूम जमला की दोनदा खिडकीशी नेऊन पाहिला. पण मग तो स्वेटर मुलगा घालून गेला आणि संध्याकाळी दुसरंच कोपर फाडून आला.

आडवा_बाणा

आता आलात धंद्याला. :)

सुटलेला_टाका

छत्री! दंडवत.

शंकेखोर

माझ्या कोटाचं अस्तर दोन वर्षं फाटलेलं आहे. हात घातला की बाहीऐवजी अस्तरातच जातो. विचारू की नको असं चाललं होतं.

हातभर_दोरा

पाठवा. पण घाई करायची नाही, दिवसाला तीनच दोरे. आणि फाटलेली कड कापून सरळ करू नका, तशीच राहू द्या, मला अंदाज येईल.